‘जुनी’ नावाची घरं

पाच चाळीसची बस मला गावात आणून सोडते
तेव्हा चौकातला दगडी क्रॉस अजून ओला असतो,
आणि बुधवार असला तर चीजवाला हेब्डिच
ताडपत्रीचे खांब उभे करत
वाऱ्याला आईबापावरून शिव्या देत असतो.
आठशे वर्षं इथे बुधवारी बाजार भरतो,
कुठल्याशा राजाच्या मोहरेचा कागद आहे तसा.
मेंढ्या विकल्या, लोकर विकली, नाताळात बदकं.
आता चौकाच्या तिन्ही बाजूंना काचा
आणि काचांत घरं,
रात्रभर दिवा लावून ठेवलेली.

मी टपाल टाकते. सव्वीस वर्षं झाली.
‘जुनी बेकरी’, शीप स्ट्रीट.
‘जुनी शाळा’. ‘जुनी लोहारशाळा’.
‘जुनी पोलीस चौकी’, जिच्या कोठडीत
वाइनच्या बाटल्या गजांआड आडव्या पडून असतात.
घरातलं काम निघून गेलं
की दारावर त्याचं नाव लागतं, पितळी अक्षरांत,
आणि मग घर भाव खातं.
‘जुन्या बेकरी’त पाव येतो
सुपरमार्केटच्या गाडीतून.
‘जुन्या पोस्टा’त मी सहा वर्षं पत्रं निवडली,
खिडकीखाली, जिथे आता त्यांचा बाथटब आहे.
तिथलं टपाल टाकताना
मी थोडी घाई करते.

मे महिन्यात साखळी तुटली.
म्हणजे असं, की मिसेस ऑर्चर्ड निघणार
दंतवैद्य निघाला तर,
दंतवैद्य निघणार समुद्राकाठचं घर मिळालं तर,
आणि समुद्राकाठच्या आजीबाईंनी सह्यांच्या दिवशी
मांजर मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, नको.
सात घरं जागच्या जागी थिजली.
मिसेस ऑर्चर्डच्या कपबशा वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या,
पाच आठवडे ती एकाच कपातून चहा प्यायली,
आणि मला विचारायची,
काही आलंय का गं, वकिलाकडून?
जसं काही मीच लिहिते ती पत्रं.

नोव्हेंबरात शीप स्ट्रीटवरच्या नऊ घरांत उजेड नसतो.
मी फटीतून पत्र आत ढकलते
आणि दारामागे साचलेली ऑक्टोबरची पत्रं
ते बाहेर ढकलतात.

टफनेल मात्र अजून चपलाबूट शिवतो.
एक्क्याऐंशी वर्षांचा. तिरकी जमीन, ठेंगणी तुळई,
नवं गिऱ्हाईक हमखास कपाळ आपटून घेतं
आणि तो न बघताच म्हणतो, सांभाळून.
त्याला दर आठवड्याला तीन तरी लिफाफे असतात,
‘आपल्या घरासाठी आमच्याकडे उत्सुक ग्राहक आहेत’,
जाड, गुळगुळीत, रंगीत कागद.
ते मीच आणून देते, हे मला कळतं.
तो ते नीट फाडतो, चुरगाळतो
आणि दुरुस्त झालेल्या बुटांत कोंबतो.
आकार छान राहतो म्हणाला, असला कागद
पूर्वी मिळायचा नाही.

मी गेले की हे ‘जुनं चांभारघर’ होणार,
तो म्हणाला, तोंडात खिळे धरून.
तुझ्या घराचं नाव काय?

सहा-सी, मी म्हणाले. वरचा मजला,
बसने पन्नास मिनिटं.
तिथे काही जुनं व्हायच्या आतच
भाडेकरार संपतो.

तो हसला नाही. नऊ पौंड घेतले,
टाचा नव्या, तळवे नवे.
पाऊस होता, म्हणून तिथेच बूट चढवून निघाले,
आणि डाव्या बुटाच्या टोकात
कागदाचा एक बोळा राहिलाच.
‘जुन्या शाळे’च्या चढावर तो कुरकुरला,
‘जुन्या बेकरी’पाशी पुन्हा.
दुपारी बसमध्ये काढून उलगडला:
चार खोल्या, मूळ तुळया, बाजारचौकापासून पायी दोन मिनिटं,
सव्वासहा लाख पौंड.
अंगठ्याखाली दिवसभर.
कागद जाड होता खरा.
घडी घालून मी तो परत आत ठेवला,
कारण तिथून जरा पाणी येत होतं.